आधी तिथी, मग खोली

२७ डिसेंबर २०२३ ला सकाळी सात वाजता मी मालवणच्या देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत होते. खाडीत म्हणजे खाडीच्या चिखलात. कयाक रुतलेलं, पुढे बसलेली लेक वल्हं चिखलात खुपसून ढकलायला बघत होती आणि ते वल्हंही आता निघत नव्हतं. काठावर उभे राहून आमचे अहो व्हिडिओ काढत होते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका चहाचा कप हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "तिथ बघून येवचा ना! आता पाणी खंय आसा?"

आदल्या दिवशी दत्तजयंती झालेली. म्हणजे पौर्णिमा. म्हणजे उधाण. उधाणात पाणी जेवढं जास्त चढतं तेवढंच ते जास्त उतरतं, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेच्या पेपरात लिहून विसरून गेले होते. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला भरती-ओहोटीचं काय पडलंय? आमची पंचगंगा एकाच दिशेने वाहते.

त्या सहलीत सगळंच असं झालं. स्कूबा केलं, तर पाणी इतकं गढूळ की माझाच हात मला धूसर दिसत होता. तो प्रकार दहा मिनिटांत उरकला, त्यातही निम्मा वेळ आम्हाला खाली नेणाऱ्या पोराने माशांना बिस्किटं चारून आमचे फोटो काढण्यात घालवला. नाताळची गर्दी होतीच. घरी येताना मी ठरवलं की परत यायचं, पण या वेळी खोली बुक करण्याआधी कालनिर्णय उघडायचं.

त्या चिखलात काकांनी जे गणित सांगितलं ते मी आता इथे लिहून ठेवते, कारण ते आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा आणि सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज ४८-५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्याच्यामागे भरती धावते, म्हणून पाऊण तासाचा हिशेब जमतो. लेकीने लगेच मोबाइलवर ताडून बघितलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला. पण बाराही महिने कोकणच्या किनाऱ्यावर, रेंज नसताना, नुसत्या तिथीवरून एवढं कळतं हे काय कमी आहे?

वेळेबरोबर जोरही तिथीच ठरवते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, एकमेकांची ओढ मारतात, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत समुद्रात प्रवाह कमी, तळाची रेती कमी ढवळली जाते, पाणी निवळतं. पाण्याखाली काही बघायचं असेल तर हेच दिवस.

मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जेवणाच्या टेबलावर कालनिर्णय पसरून बसलो. मी, अहो, लेक आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या. त्यांना सहलीत रस नव्हता, पण तिथीचा विषय निघाल्यावर त्या खुर्ची ओढून आल्या. या घरात पंचांग त्यांच्याशिवाय कोणी उघडत नाही.

प्रत्येकाला काही ना काही करायचं होतं. मला आणि लेकीला देवगडहून मालवणपर्यंत किनाऱ्याने सायकल. मला नीट स्कूबा, मागचं उट्टं काढायला. कयाक तर इज्जतीचाच प्रश्न होता. अहोंना गुडघा आहे आणि रक्तदाबाची गोळी आहे, त्यांना सिंधुदुर्ग किल्ला आणि मासे. लेकीला आणखी एक हवं होतं, ते शेवटी सांगते.

अडचण अशी की प्रत्येक गोष्टीला समुद्र वेगळा लागतो. रेतीवरून सायकल चालवायची तर ओहोटी पाहिजे, आणि तीही सकाळी, कारण ओहोटीत उघडी पडलेली ओली रेती डांबरी रस्त्यासारखी टणक असते. वरच्या कोरड्या रेतीत मात्र चाक रुततं. खाडीत कयाक न्यायचं तर भरती पाहिजे, तीही सकाळी, वारा सुटण्याआधी. स्कूबाला भांग पाहिजे. एका पौर्णिमेला हे सगळं बसत नाही, हे आम्ही चिखलात बसून शिकलो होतो.

लेकीने वहीवर तिथ्या मांडल्या. तृतीया-चतुर्थी-पंचमीला सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान पूर्ण ओहोटी. सायकल. सप्तमीला भांग. स्कूबा. अष्टमीला सकाळी सहाला भरती. कयाक. क्रम आपोआप लागला! पंचमी ते अष्टमी, एका दमात. मग फक्त महिना निवडायचा राहिला. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत समुद्रातली ही सगळी दुकानं बंदच असतात. ऑक्टोबरात नद्यांचं गढूळ पाणी अजून समुद्रात उतरत असतं. मार्चपासून दुपारी वारा जोर धरतो आणि ऊन सोसवत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ नको म्हणून मार्गशीर्ष शुद्ध पक्ष धरला. गुरुवारी ५ डिसेंबरला चतुर्थी, शुक्रवारी पंचमी, शनिवारी षष्ठी, रविवारी सप्तमी, सोमवारी अष्टमी. मंगळवारी घरी.

सासूबाईंनी बोट ठेवलं. "गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला." म्हणजे महालक्ष्मीचं व्रत, म्हणजे मासे नाहीत. "आणि शनिवारी चंपाषष्ठी." म्हणजे वांग्याचं भरीत, नैवेद्य, म्हणजे मासे नाहीत. आणि कळलं की काकांच्या घरी सोमवार शंकराचा, त्या दिवशी त्यांची चूलच मासे शिजवत नाही. मालवणात पाच दिवस आणि त्यातले तीन दिवस मासे बंद. अहोंनी वही मिटली. "मग जायचं कशाला?"

जायचं ठरलं. आणि सासूबाई म्हणाल्या, मीपण येते, व्रताची मांडणी कोण करणार? अशी आमची सक्रिय सुट्टी चार माणसांची झाली.

तयारी म्हणाल तर दोन महिने. सकाळी रंकाळ्याला फेऱ्या, रविवारी पन्हाळ्याच्या चढावर सायकल. लोकांना वाटतं किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट. कोकणात तसं नाही. तिथे जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, समुद्रापर्यंत आलेत आणि प्रत्येक नदीने ते कापलेत. म्हणजे सड्यावरून खाडीत उतरा, पूल ओलांडा, पुन्हा सड्यावर चढा. रेवस-रेडी सागरी मार्गाने गेलेल्या कोणालाही विचारा. मांड्यांना पन्हाळ्याची सवय होती म्हणून आम्ही निभावलो.

पोहण्याची तयारी वेगळी. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. विहिरीत पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं यांचा फारसा संबंध नाही, हे घाटावरच्या लोकांना कोणीतरी ओरडून सांगायला हवं. विहिरीला ओढ नसते. समुद्रात लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. गंमत म्हणजे तिथे लाटा फुटत नाहीत, त्यामुळे नवख्याला तोच पट्टा शांत आणि पोहायला बरा वाटतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमायला होतं. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर परत यायचं. लेकीला मी हे घरी फरशीवर खडूने काढून दाखवलं. ती म्हणाली, "मम्मी, रील बघितलीय मी." बघितली असेल. तरी मी काढून दाखवलं.

निघायच्या आठवड्यात फेंगल आलं. ते वादळ ३० नोव्हेंबरला तिकडे पुदुच्चेरीजवळ धडकलं, पण त्याचा उरलासुरला भाग दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकला. कोल्हापुरात ढगाळ हवा, मध्येच शिंतोडे. कालनिर्णयात वादळ लिहिलेलं नसतं. मी काकांना फोन केला. म्हणाले, "पाणी ढवळलेला आसा. रविवारपर्यंत बसतला. येवा तुमी." आम्ही निघालो.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव, देवगड. गाडीच्या मागे दोन सायकली, डिकीत चौरंग, कलश आणि सहा भरताची वांगी. गुरुवारी संध्याकाळी देवगडच्या लॉजच्या खोलीत सासूबाईंनी मांडणी केली, आरती झाली, आम्ही वरणभात खाल्ला. खिडकीतून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता. अहो लवकर झोपले.

शुक्रवारी सहाला उठून घावणे खाल्ले आणि अंधार फिटताना निघालो. उत्तरेकडून दक्षिणेला जायचं हे मी मुद्दाम ठरवलं होतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, हलका. अकराच्या पुढे खारा वारा सुटतो आणि तो या दिवसांत वायव्येकडून येतो. दक्षिणेला तोंड असेल तर तो पाठीवर मिळतो. उलटे आलो असतो तर दुपारभर त्याच्याशी भांडत बसलो असतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या प्रवासात हा एक निर्णय दोन तास वाचवतो.

तारामुंबरीचा पूल, मग कुणकेश्वर. देऊळ अगदी पुळणीला, म्हणजे रेतीच्या किनाऱ्याला लागून, तिथे पाच मिनिटं थांबलो. मिठबाव, हिंदळे, मुणगे, आचरा. मधल्या सड्यांवर आंब्याच्या बागा, कुठेकुठे मोहर डोकावलेला, आणि बागायतदार आभाळाकडे बघत उभे. ढग त्यांना आमच्यापेक्षा जास्त महागात पडणार होते. मुणग्याच्या चढाला मी उतरून सायकल ढकलली. लेक वर जाऊन थांबली आणि माझे फोटो काढले. या घरात माझी फजिती टिपायला कोणीतरी कायम तयार असतं.

तोंडवळीला पोचायला पावणेअकरा झाले. ओहोटी दहाच्या सुमाराची, म्हणजे पाणी नुकतंच वळलेलं, रेती अजून उघडी. चाकातली थोडी हवा सोडली आणि खाली उतरलो. डावीकडे सुरूचं बन, उजवीकडे समुद्र आणि मधे ओल्या रेतीचा एवढा रुंद पट्टा की सायकल कुठूनही चालवा. तोंडवळी-तळाशील म्हणजे जमिनीची एक लांब जीभ आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदी, मधे माडांखाली घरं. आम्ही तासभर एकमेकींशी बोललो नाही. खेकड्यांनी काढलेल्या रेतीच्या गोळ्यांच्या नक्ष्या चाकाखाली येत होत्या, त्यांचं वाईट वाटत होतं, पण चुकवणं शक्य नव्हतं.

जिभेच्या टोकाला रस्ता संपतो. पलीकडे सर्जेकोट दिसतो, पण मधे नदीचं मुख. विचारत विचारत एक होडीवाला मिळाला. त्याने दोन्ही सायकली आडव्या टाकल्या, त्यावर आम्हाला बसवलं. पलीकडे उतरून मालवण गाठलं तेव्हा अहो आणि सासूबाई आधीच देवबागला पोचून सोलकढी पीत बसले होते. आम्हीही त्याच दिवशी संध्याकाळी सुरमई खाल्ली. मी तीन तुकडे खाल्ले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: रेतीवरून सायकल नेली तर रात्री झोपण्याआधी गोड्या पाण्याने धुवून साखळीला तेल द्या. आम्ही आळस केला. सकाळी साखळी तांबूस झालेली.

शनिवारी मी काही ठरवलं नव्हतं. अंग दुखणार हे गृहीत धरून किल्ला ठेवला होता. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गला गेलो. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. तीनेक किलोमीटरचा तट समुद्राच्या लाटा आजवर खातोय आणि आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. सासूबाई शिवराजेश्वराच्या देवळात बराच वेळ बसल्या. तटावरून फिरताना अहोंचा गुडघा बोलला नाही. बाहेर मासळीचा वास आला की तोच जास्त बोलायचा.

खरी मजा त्याआधी सकाळीच झाली होती. साडेसातला पुळणीवर रापण लागली होती. होडी समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. वीस-तीस माणसं, एका लयीत, मागे झुकून, टाचा रेतीत रोवून. आम्ही बघत उभे होतो. एक आजोबा म्हणाले, बघतास काय, धरा. धरला. माझ्या दोन महिन्यांच्या व्यायामात पाठीचे हे स्नायू कुठेच आले नव्हते. दहा मिनिटांत तळहात लाल झाले. मागे वळून बघते तर सासूबाई पदर खोचून दोराला लागलेल्या! त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ऊस तोडलेले हात आहेत ते, माझ्यापेक्षा जास्त वेळ ओढत होत्या. जाळ्यात पेडवे, थोडे बांगडे आणि एक छोटं पाकट निघालं. पाकट बघून मला आठवलं आणि मी लेकीला म्हटलं, उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, रेतीत घासत चालायचं. पाकट रेतीत दडून बसतं, पायाची चाहूल लागली तर निघून जातं, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

आजोबांनी आम्हाला वाटा म्हणून मूठभर पेडवे दिले. आणि तो दिवस चंपाषष्ठीचा. सासूबाईंनी पेडवे हातात घेतले, त्यांच्याकडे बघितलं, आणि काकूंना देऊन टाकले. दुपारी काकूंच्या चुलीत वांगी भाजली, भरीत झालं, नैवेद्य झाला. काकूंनी अहोंच्या ताटात हळूच दोन पेडवे ठेवले. सासूबाईंनी ते बघितलं आणि खंडोबाकडे बघून मान फिरवली.

रविवार. सप्तमी. स्कूबा.

या वेळी मी आधीच चार ठिकाणी फोन करून प्रश्न विचारले होते. एका प्रशिक्षकामागे किती माणसं? किती खोल? तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? होडीवर ऑक्सिजन आहे का? प्रश्न ऐकून दोघांनी "मॅडम, काही होत नाही" असं उत्तर दिलं, त्यांना मी तिथेच वगळलं. तिसऱ्याने शांतपणे सगळं सांगितलं आणि वर विचारलं, सर्दी आहे का, दम्याचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. अहोंची रक्तदाबाची गोळी ऐकून म्हणाला, डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय नाही. त्याच्याकडे गेलो. अहो होडीत बसले.

पाण्याखाली गेल्यावर पहिला त्रास कानांचा. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो, पण कान त्याच्या खूप आधी, दीड-दोन मीटरवरच बोलायला लागतात. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, कानात 'पुट' असा आवाज होतो, मग पुढे. दुखायची वाट बघायची नाही, दर मीटरला करत राहायचं. मागच्या वर्षी मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी तीन दिवस एका कानाने ऐकत होते. दुसरी गोष्ट अंगठा. आपण सगळं ठीक आहे म्हणून अंगठा वर करतो, तिथे त्याचा अर्थ "मला वर ने" असा होतो. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. मी दोनदा सवयीने अंगठा दाखवला. दोनदा प्रशिक्षक मला इमानदारीत वर घेऊन आला. दुसऱ्यांदा वर आल्यावर तो काही बोलला नाही, पण चेहरा बोलत होता.

तिसऱ्यांदा खाली गेलो. फेंगलचा गाळ पूर्ण बसला नव्हता, चार-पाच मीटर दिसत होतं, त्यापुढे हिरवट पडदा. पण चार-पाच मीटर म्हणजे आमच्या दिवाणखान्याएवढं. खडकाच्या कपारीत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे एका जागी उभे होते, वाऱ्यात पान हलावं तसे. सागरी साळू काटे फुलवून बसलेला. प्रवाळाचा एक तुकडा, तपकिरी, मेंदूसारखा. त्याला हात लावायचा नाही हे खाली जाण्याआधी तीनदा बजावलेलं. माझा श्वास मला ऐकू येत होता, आत घेताना शिट्टी, सोडताना बुडबुडे, आणि दुसरा कुठलाही आवाज नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत इतक्या वेळ माझ्याशी कोणीच बोललं नाही, असं प्रथमच झालं. बिस्किटं कोणी काढली नाहीत.

स्कूबा रविवारी ठेवण्यामागे भांगाशिवाय आणखी एक हिशेब होता. पाण्याखाली दाबाने रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्याच्या आत उंचावर गेलं तर हवेचा दाब कमी होतो आणि त्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास थांबायला सांगतात, आणि हाच नियम साधारण ६०० मीटरच्या वर गाडीने जायलाही धरतात. मुंबईच्या माणसाला याचं काही नाही. आम्हाला मात्र समुद्र सोडून कुठेही जायचं तर घाट चढावाच लागतो. कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या आसपास, दाजीपूरचा घाटमाथा त्याहून उंच. उथळ डुबकीला धोका कमी, मान्य. पण सकाळी स्कूबा करून दुपारी घाट चढणाऱ्या गाड्या मी मागच्या वेळी बघितल्या होत्या. त्यातली एक आमचीच होती.

सोमवारी अष्टमी. सहाला पूर्ण भरती, उजाडता उजाडता आम्ही खाडीत. जिथे गेल्या वर्षी रुतलो होतो त्या जागेवर पाणी माझ्या छातीएवढं होतं. मी वल्ह्याने खोली मोजली, लेकीला दाखवली, मग पुढे गेलो. कर्लीच्या मुखाकडे जायचं नाही हे ठरलेलं. ओहोटी लागली की नदीचं पाणी संगमावरून जोरात बाहेर जातं, वर मतलई वाराही त्याच दिशेला ढकलतो. दोन्ही एका बाजूला असताना आपलं वल्हं कुठे पुरणार? म्हणून उलट, वरच्या अंगाला, नेरूरपारच्या दिशेने निघालो. जाताना पाणी जवळजवळ थांबलेलं, येताना ओहोटीने आम्हाला फुकट आणून सोडलं. कांदळवनाची मुळं पाण्यात पाय टाकून उभी होती, खंड्या दोनदा बुडी मारून रिकाम्या चोचीने परत आला, डोक्यावर ब्राह्मणी घार. दोन तास झाले. साडेआठला काठाला लागलो तेव्हा पाणी उतरायला लागलेलं, चिखलाची पहिली रेघ दिसत होती.

काका काठावर उभे. या वेळीही चहाचा कप. काही बोलले नाहीत, पण कप मला दिला.

दुपारी काकूंनी काजूची उसळ आणि शिरवाळे केले, सोमवार म्हणून. अहो मनापासून जेवले, असं ते म्हणतात.

आता लेकीचं राहिलेलं. तिला चमकणारं पाणी बघायचं होतं. हिवाळ्यात कधीकधी रात्री लाट फुटली की निळा उजेड पडतो, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा. आम्ही रोज रात्री पुळणीवर जाऊन बसलो. पण शुद्ध पक्ष, चंद्र वाढत चाललेला, अष्टमीला तर मध्यरात्रीपर्यंत आभाळात. काही दिसलं नाही. सोमवारी रात्री तिने मोबाइलच्या उजेडात कालनिर्णयाचं पान काढलं, कारण सासूबाईंनी ते पिशवीत घालून आणलंच होतं.

"मम्मी, अमावास्येला यायला पाहिजे. पूर्ण अंधार."

"अमावास्येला उधाण. स्कूबा होणार नाही."

"नाही झालं तर नाही झालं. एकदा ते बघायचंय."

सासूबाई रेतीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचे तळहात अजून सोललेले होते, त्यांना खोबरेल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "अवसेला कोण गावाला जातंय व्हय?"

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. त्यांनी तेलाची बाटली बंद केली, लेकीच्या हातातून कालनिर्णय घेतलं, चष्मा वर सारला आणि पान डोळ्यांजवळ धरलं.

"चतुर्दशी चालंल का बघ," म्हणाल्या. "अंधार तेवढाच असतो."